खांबावरचा फौजी

जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा यांसारख्या गावांत ऐन मगरिबच्या वेळी वीज गेली की सगळ्या मोहल्ल्याला एकच माणूस आठवतो, तो म्हणजे लाइनमन. अर्ध्या तासात दिवे लागतात, पंखे फिरू लागतात आणि त्या माणसाला आपण विसरून जातो. वीज मंडळातल्या अशा माणसांपैकी काही जण त्याआधी सरहद्दीवर लढून आलेले होते, ही गोष्ट तर त्यांच्या शेजाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव आपल्या घरातील लहान मूलही सांगते. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे फोडताना ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच भागातील असल उत्तरच्या लढाईत ‘डेक्कन हॉर्स’ ही रणगाड्यांची रेजिमेंटही होती. तिचे मूळ आपल्याच मुलुखात आहे. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती आणि हिंगोली ही तिची एक छावणी होती. त्या फौजेच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स उभी राहिली. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होते. दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या जुन्या मराठा पलटणींतही असत. थोडक्यात, शिपाईगिरी आपल्या घरांना परकी नाही.

शहीदाची आठवण समाज ठेवतो, आणि ठेवलीच पाहिजे. पण जे जिवंत परतले त्यांचे पुढे काय झाले? जवान निवृत्त होतो तेव्हा बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या आसपास असतो. मुले लहान असतात, आई-वडील थकलेले असतात, पेन्शन तुटपुंजी असते. म्हणून तो दुसरी नोकरी शोधतो. माजी सैनिकांसाठी राज्याच्या नोकरभरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वीज मंडळ हे त्यांना जवळचे वाटणारे ठिकाण होते. फौजेच्या सिग्नल शाखेत टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या जवानालाही लाइनमनच म्हणतात. ज्याने गोळीबारात तार जोडली, त्याच्या हातात येथेही पक्कडच आली.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणावर साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले, शेजारच्या परळीत १९७१ च्या सुमारास औष्णिक केंद्र सुरू झाले आणि खेडोपाडी खांब रोवले जाऊ लागले. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात खांब कलतात. मृगाचा वारा सुटला की तारा तुटतात. रात्री-अपरात्री चिखल तुडवत त्या खांबापर्यंत पोहोचावे लागते. परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस असो, रमजानच्या तरावीह असोत की गणपती, सगळ्यांच्या सणाला ज्याची ड्युटी ठरलेली, असा हा माणूस.

हे काम अंदाजाने करण्याचे नाही. आधी उपकेंद्रातून वीज बंद केल्याची लेखी परवानगी घ्यायची. तिला ‘परमिट’ म्हणतात. मग स्विच उघडायचा, तारेत वीज नाही याची खात्री करायची, दोन्ही बाजूंना अर्थिंग जोडायचे आणि त्यानंतरच तारेला हात लावायचा. यातली एक पायरी चुकली तर दुसरी संधी मिळत नाही. एखाद्या घरातील जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असला तर बंद तारेतही उलटी वीज येते आणि खांबावरच्या माणसाचा जीव जातो. हुकूम पाळणे, क्रम न मोडणे, सोबत्याला एकटे न सोडणे ही फौजेची शिस्त येथे रोजच्या उपयोगाची ठरते. ४ मार्च हा आता ‘लाइनमन दिवस’ म्हणून पाळला जातो. महावितरणने या कर्मचाऱ्यांना ‘जनमित्र’ असे नावही दिले आहे.

१९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिलेले हे जवान आज सत्तरी-ऐंशी ओलांडून गेले आहेत. ते फारसे बोलत नाहीत. ट्रंकेत कपड्यांखाली एखादे पदक पडलेले असते. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल देण्यात आले. पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. ते नातवंडांनी हातात घेऊन वाचावे आणि दादाजींना विचारावे. आपण विचारले नाही, तर हा इतिहास त्यांच्याबरोबर कब्रस्तानात जाईल.

न विचारण्याची दुसरी किंमत मात्र घरातील बाईला मोजावी लागते. फौजेच्या कागदावर ‘मोहम्मद’चे संक्षिप्त रूप, आधारवर पूर्ण नाव, एका ठिकाणी ‘शेख’ आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी, बीबीचे नाव निकाहनाम्यात एक, रेशनकार्डावर दुसरे. घरात याचे काहीच बिघडत नाही. पण नवऱ्याच्या मय्यतीनंतर तेच अक्षर तिच्या पेन्शनच्या आड येते. इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती घरात असते आणि त्याच काळात बँक कागद मागत असते.

तिच्या हक्काची एक गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. फौजेचे निवृत्तिवेतन घेऊन पुढे सरकारी नागरी नोकरी केलेल्या जवानाच्या पत्नीला पूर्वी दोहोंपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावे लागे. २४ सप्टेंबर २०१२ पासून ही अट उठली. वीज मंडळाचे कर्मचारी भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेत येतात. म्हणून अशा घरांनी दोन्ही नोकऱ्यांची चौकशी वेगवेगळी करावी. एकीकडची पेन्शन सुरू झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये.

आपण एवढे तरी करावे. अब्बा हयात असतानाच डिस्चार्ज बुक, पीपीओ, निकाहनामा, आधार आणि बँक पासबुक एका पिशवीत आणावे. नावांची अक्षरे जुळवून पाहावीत. पत्नीचे नाव फौजेच्या अभिलेख कार्यालयात नोंदलेले आहे का, हे तपासावे. नसेल तर परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. हे काम तेथे चालते. बँकेत पती-पत्नीचे संयुक्त खाते ठेवावे. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला त्यांना कोणीतरी सोबत न्यावे.

काही घरांत अशी चौकशी अशुभ मानली जाते, बापाच्या मरणाची वाट पाहिल्यासारखी वाटते. पण व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद आपल्याला सूरह बकराने दिलेलीच आहे. ज्या माणसाने परमिट हातात आल्याशिवाय कधी तारेला हात लावला नाही, त्याला कागदाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्याजवळ बसण्याएवढा वेळ तेवढा आपण काढायचा आहे.