सर्दीची गोळी आणि गोल्ड मेडल

‘डोपिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेरॉईडचं इंजेक्शन घेणारा बॉडीबिल्डर येतो. पण साध्या सर्दीच्या गोळीनेही मेडल जाऊ शकतं!

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या १६ वर्षांच्या आंद्रेया रादुकानने जिम्नॅस्टिक्सच्या वैयक्तिक ऑल-राउंडमध्ये सुवर्णपदक मिळवलं. सर्दी झाली म्हणून टीमच्या डॉक्टरांनीच तिला गोळी दिली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं आणि तेव्हा त्यावर बंदी होती. मेडल काढून घेतलं. तिने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

तुम्ही म्हणाल, हा कुठला न्याय? पण नियमच असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सोडायचं ठरवलं, तर मुद्दाम औषध घेणाराही तेच सांगेल.

मग खेळाडूने आजारीच पडायचं नाही का? तसं नाही. त्याच्यासाठी ‘टीयूई’ म्हणजे उपचारापुरती मिळणारी सूट असते. अट अशी की आजाराचं निदान झालेलं हवं, औषध खरंच गरजेचं हवं, त्याला बंदी नसलेला योग्य पर्याय नसावा आणि औषधाने माणूस नॉर्मल व्हावा, त्यापेक्षा जास्त फायदा होऊ नये. उदाहरणार्थ, इन्सुलिनवर बंदी आहे, पण डायबेटिस असलेला खेळाडू ही सूट घेऊन खेळू शकतो. दम्याच्या सल्ब्युटामॉल पंपाला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत सूट मागावी लागत नाही. मात्र कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर जायचं नाही. इमर्जन्सी असेल तर आधी उपचार, अर्ज नंतर.

अजून एक घोळ म्हणजे ही यादी बदलत राहते. स्यूडोएफेड्रिन २००४ मध्ये यादीतून काढलं आणि २०१० मध्ये परत आणलं. आता स्पर्धेच्या वेळी लघवीत एका मिलिलीटरला १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर केस होते. म्हणून गेल्या वर्षी चाललेली गोळी यंदा चालेलच असं नाही.

आपल्याकडे हे काम ‘नाडा’ बघते आणि २०२२ मध्ये त्यासाठी कायदाही संमत झाला. तेव्हा युनिव्हर्सिटीकडून खेळणाऱ्यांनो, डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मी स्पर्धा खेळतो.’ केमिस्टकडून गोळी घेताना नुसतं ब्रँडचं नाव बघू नका. मागे बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि यंदाच्या यादीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण गोळी पोटात जायच्या आधी करायचं!