उंदरांची थंडीतली वाट

खरिपाची कापणी आटोपली की शेतातला दाणा सरतो, रात्री गारठतात आणि उंदीर घरांकडे वळतात. लहान उंदराला जेमतेम 6 मिलिमीटरची फट, म्हणजे पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं. सिंकखालच्या पाइपाभोवतीची जागा आधी बघा. तिथे कापूस किंवा थर्माकोल कोंबू नका, तो कुरतडला जातो. तारेची घासणी घट्ट बसवून वरून सिमेंट लिंपा. मोरीला जाळी, दाराखाली रबरी पट्टी. पिवळा फॉस्फरस असलेलं उंदीरनाशक मलम घरात अजिबात आणू नका. पोटात गेल्यास यकृत निकामी होऊ शकतं आणि त्यावर नेमका उतारा नाही.