पुन्हा बोलणीस बसण्याची तयारी : भंडाऱ्यातील तलावांचा बोध

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने आपल्या कसबाने येथे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडले.

या तलावांवर दोन व्यवसाय अवलंबून आहेत. धान निसवण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली की शेतकऱ्यास तलावाचे पाणी हवे असते. तोच तलाव मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला असेल, तर ढिवर सभासदांनी सोडलेले रोहू, कटला व मृगळ यांचे बीज वाढण्यासाठी पाणी राखणे आवश्यक असते. पाणी अडले तर धान पोचट राहते. तलाव आटला तर मच्छीमारांची वर्षाची कमाई बुडते. दोघेही त्याच परिसरातले. यंदा तडजोड झाली तरी पुढील वर्षी त्यांनाच पुन्हा समोरासमोर बसावयाचे असते.

अशी तयारी कशामुळे टिकते? अमेरिकेतील संशोधक जॅरेड करहन व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाटाघाटीत माणूस चार गोष्टी तोलतो, असे त्यांना आढळले : पदरात काय पडले, स्वतःचा मान राहिला काय, पद्धत न्याय्य होती काय आणि परस्परांवरील विश्वास वाढला काय. त्याच व्यक्तीबरोबर पुन्हा काम करण्याची इच्छा ही केवळ मिळालेल्या लाभापेक्षा या एकंदर समाधानावर अधिक अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तलावाच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. सभेत शेतकऱ्यांची संख्या मोठी असेल, तर बहुमताने पाणी सोडवून घेणे सोपे. परंतु ज्यांना कोणी विचारलेच नाही, ते पुढील वर्षी चर्चेस कशाला येतील? याउलट, पाण्याची किमान पातळी पावसाळ्यातच उभयतांच्या समक्ष ठरली, तिची खूण पाळीच्या दगडावर केली, निर्णय कार्यवृत्तात नोंदविला आणि टंचाईतही तो पाळला गेला, तर कमी पाणी मिळालेला पक्षही पुन्हा बोलणीस येतो.

मात्र गोड शब्द हा न्याय्य वाट्याला पर्याय नव्हे. दरवर्षी एकाच पक्षाने झीज सोसावी, अशी तडजोड फार काळ टिकत नाही. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व पाटबंधारे कर्मचारी यांनी वाद मिटला की नाही एवढेच पाहून थांबू नये. दोन्ही पक्ष पुढील वर्षी आपण होऊन सभेस येतील काय, हाच त्या तडजोडीचा खरा कस होय.