ओळख तणांची (भाग ७) : भुईरिंगणी – काट्यावर भिस्त नको

गेल्या आठवड्यात आपण गाजरगवत पाहिले. त्याची पाने आणि बारीक पांढरी फुले एकदा नजरेत बसली की चूक होण्याचा संभव कमीच. भुईरिंगणीच्या बाबतीत मात्र जाणती माणसेही फसतात. पडीक रानात, बांधावर, रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारे हे काटेरी तण महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र आढळते. वांगी, बटाटा आणि टोमॅटो ज्या प्रजातीत येतात त्याच सोलॅनम प्रजातीतले हे झाड. ‘काटे आहेत म्हणजे विषारीच’ असे काही जण धरून चालतात, तर ‘औषधी आहे म्हणजे पोटात गेले तरी बिघडत नाही’ असे दुसरे काही. माझे म्हणणे असे की, झाडाची ओळख फूल, फळ आणि वाढीची ठेवण या तिन्हींवरून पटवावी आणि ते खावे की नाही हे त्याच्या रूपावरून कधीच ठरवू नये.

पहिल्यांदा काट्याचेच घेऊ. काटा आणि विष यांचा परस्परांशी बांधलेला संबंध नाही. आपण आवडीने खातो त्या काटेरी वांग्याच्या देठाला काटे असतात. उलट धोतऱ्याचे खोड गुळगुळीत असूनही त्याचे बी जीवघेणे ठरते. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने यामागचे एक कारण दाखवून दिले. वांग्यासह सोलॅनम प्रजातीतल्या अनेक झाडांचे काटे एकाच जनुकसमूहातल्या बिघाडामुळे वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे नाहीसे झाले आहेत. जे लक्षण एका जनुकाच्या फरकाने जाते, त्यावर ओळखीचा सारा भार टाकणे धोक्याचे. शिवाय काटे काही वांग्याच्याच कुळाची मक्तेदारी नाही. पिवळा धोतराही काटेरीच, पण तो नावापुरताच धोतरा, कुळ अफूचे. त्याची फांदी मोडली की पिवळा चीक येतो, भुईरिंगणीला चीक नसतो. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळे १९९८ साली दिल्लीत जलशोथाची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. दोन्ही झाडे काटेरी, दोन्ही विषारी, पण विष वेगळे आणि शरीरावर होणारा परिणामही वेगळा. म्हणून नुसते ‘काटेरी विषारी झुडूप’ एवढे सांगून डॉक्टरांना फारसा उपयोग होत नाही.

खात्रीची खूण फुलात सापडते. भुईरिंगणीचे फूल जांभळे, पाच टोकांचे, चांदणीसारखे. मधोमध पाच जाड पिवळे परागकोश एकमेकांना टेकून उभे असतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र दिसते आणि पराग तिथूनच बाहेर पडतो. वांग्याचे फूल शेजारी ठेवून पाहा, घडण तीच. प्रजाती कळली की फळाकडे वळावे. ते सुपारीएवढे किंवा त्याहून लहान, गोल. कोवळेपणी हिरव्यावर पांढऱ्या रेषा, पिकल्यावर पिवळे, आणि बुडाशी काटेरी निदलपुंज चिकटलेला. मग वाढ आणि काटे पाहावेत. झाड जमिनीवर लोळते आणि काटे सरळ, पिवळसर, चकचकीत, सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब, पानाच्या शिरांवरसुद्धा. तिची बहीण डोरली झुडपासारखी उभी वाढते, तिचे काटे बुडाशी रुंद व जरासे वाकडे, आणि फळे वाटाण्याएवढी, घोसाने लागणारी. म्हणजे काटा उपयोगी पडतो, पण शेवटी, इतर खुणांना दुजोरा म्हणून.

यावर पहिला आक्षेप येतो तो औषधाचा. आयुर्वेदातल्या दशमुळांत भुईरिंगणी आणि डोरली दोन्ही आहेत, मग त्यांना विषारी कसे म्हणायचे? उत्तर दशमुळे या नावातच आहे : तिथे मूळ वापरतात, तेही काढा करून, ठरलेल्या मात्रेत. फळात सोलासोनिन, सोलामार्जिन यांसारखी द्रव्ये असतात. हिरव्या पडलेल्या बटाट्यात जी द्रव्ये वाढतात त्यांच्याच जातीची. जास्त प्रमाणात पोटात गेली तर मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात, गुंगीही येऊ शकते. उकळल्याने ती नाहीशी होतील असे मानू नये. दुसरा आक्षेप असा की, याच प्रजातीतल्या कामोणीची काळी फळे पिकली की मुले खातात, मग भुईरिंगणीचे पिकलेले पिवळे फळ का नको? कारण पिकताना विष किती घटते हे प्रत्येक जातीचे वेगळे असते. एका जातीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही, आणि पिवळा रंग ही खाण्याजोगेपणाची पावती नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो टाळता येणार नाही. शेतात खुरपणाऱ्या बाईने परागकोशाची छिद्रे तपासत बसावे काय? ‘काटेरी झाडापासून दूर राहा’ हा सोपा नियम पुरेसा नाही का? काटा टोचू नये यासाठी तो नियम पुरतो, विषबाधा टाळण्यासाठी नाही. मुलांना भुरळ पडते ती गोल पिवळ्या फळाची. आणि गुळगुळीत खोडाच्या धोतऱ्याबद्दल हा नियम काहीच सांगत नाही. म्हणून घरात नियम असावा तो असा : ज्या रानफळाची जात पक्की ठाऊक नाही, ते तोंडात घालायचे नाही, मग झाडाला काटे असोत वा नसोत. कुणी खाल्लेच, तर घरगुती उपाय करत, उलटी काढत वेळ दवडू नये. लगेच दवाखाना गाठावा आणि झाडाची फूल-फळासकट फांदी सोबत न्यावी. नुसते पान नेले तर ओळख अडते; फुलाफळासह नेलेली फांदी उपचाराची दिशा लवकर ठरवू शकते. बारकाईने ओळखायला शिकण्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

पुढील भागात : धोतरा.