दोनशे माणसांचं दुकान

7 डिसेंबर 1921 ची संध्याकाळ. पॅरिसच्या ओदेऑं नाट्यगृहाकडे जाणाऱ्या गल्लीत सात नंबरचं एक पुस्तकाचं दुकान आहे, आणि त्यात पाऊल ठेवायला जागा नाही. अडीचशेच्या आसपास माणसं दाटीवाटीनं आत बसली-उभी आहेत. व्हालेरी लार्बो हा फ्रेंच लेखक एका आयरिश माणसाच्या कादंबरीवर बोलणार आहे. कादंबरी अजून छापून व्हायची आहे. काही उतारे नेहमीपेक्षा धीट आहेत, ऐकणाऱ्यानं तयारीनं यावं, असं आधीच कळवून ठेवलंय. लार्बोला ऐन वेळी धडकी भरते, ब्रँडीचा एक घोट घेऊन तो कसाबसा उभा राहतो. ज्याच्या कादंबरीसाठी हा सगळा घाट घातला तो जेम्स जॉइस दुकानातच आहे, पण पडद्याआड लपून. टाळ्या थांबेनात, तेव्हा मनाविरुद्ध त्याला बाहेर यावं लागतं.

हा प्रसंग वाचल्यापासून तो पडदा माझ्या मनातून गेलेला नाही. सांगलीत मारुती रोडच्या बाजूच्या एका गल्लीत पुस्तकाचं छोटं दुकान आहे. तिथं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लेखक येतो, वाचतो, लोकांशी बोलतो. बारा वर्षं झाली, त्या शनिवारी खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे आहे. नवखा कवी आला की तो हमखास आतल्या पोटमाळ्याच्या जिन्याखाली, गठ्ठ्यांच्या आडोशाला जाऊन उभा राहतो. त्याला पाणी नेऊन द्यायचं आणि हळूच सांगायचं, ‘चला, सगळी आपलीच माणसं आहेत.’ दरवेळी मला जॉइस आठवतो.

त्या रात्रीचं दुकान आद्रिएन मोनिए हिचं होतं. जॉइसची गोष्ट सांगताना सगळे सिल्व्हिया बीचचं नाव घेतात आणि आद्रिएनला विसरतात, हे मला खटकतं. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, 1915 साली, या तरुण मुलीनं ‘पुस्तकांच्या मित्रांचं घर’ अशा अर्थाचं नाव देऊन ते दुकान उघडलं. पुस्तकं विकायची, वर्गणीदारांना वाचायला न्यायला द्यायची, आणि संध्याकाळी दार लावून घेऊन लेखकांना वाचायला लावायचं, ही तिची रीत. तिथं पॉल व्हालेरी कविता वाचायचा. 1919 मध्ये एरिक सातीनं आपल्या ‘सोक्रात’ या रचनेतले भाग तिथंच पियानोवर वाजवले. दुकानदारानं यजमान व्हायचं, हा धडा सिल्व्हियानं आद्रिएनच्या हाताखाली गिरवला.

सिल्व्हिया बीच ही अमेरिकेतल्या एका पाद्र्याची मुलगी. आद्रिएनची ओळख झाल्यावर तिच्याही डोक्यात दुकान शिरलं. आधी न्यूयॉर्क, मग लंडन असं मनात होतं, पण तिथली भाडी परवडेनात. शेवटी पॅरिसमध्येच, जुन्या लाँड्रीच्या गाळ्यात, आईनं पाठवलेल्या तीन हजार डॉलरवर 19 नोव्हेंबर 1919 ला ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ उघडलं. 1921 च्या उन्हाळ्यात ते आद्रिएनच्या समोर, बारा नंबरला आलं. रस्त्याच्या एका अंगाला फ्रेंच पुस्तकं, दुसऱ्या अंगाला इंग्रजी, आणि मधून दिवसभर माणसांची ये-जा.

त्यापुढची दहा वर्षं सर्वांना ठाऊक आहेत. खिशात अनामतीचे पैसे नसलेल्या तरुण हेमिंग्वेला सिल्व्हियानं ‘पैसे नंतर दे, पुस्तकं आत्ताच ने’ म्हटलं. जी कादंबरी छापायला कोणी धजत नव्हतं, ती ‘युलिसिस’ तिनं स्वतः छापली. 2 फेब्रुवारी 1922, जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. दिजोंच्या छापखान्यातून रेल्वेच्या गार्डाकरवी आलेल्या पहिल्या दोन प्रती घ्यायला ती भल्या सकाळी स्टेशनवर उभी होती. एक प्रत जॉइसला गेली, दुसरी दुकानाच्या काचेत लागली. हे सगळं झगमगतं आहे, पण मला खरी ओढ वाटते ती नंतरच्या पडत्या काळाची.

1929 च्या मंदीनंतर पॅरिसमधली अमेरिकन माणसं आपापल्या गावी परतली आणि सिल्व्हियाचं गिऱ्हाईक आटलं. ‘युलिसिस’नं नाव मिळवून दिलं होतं, पण पैसा टिकला नव्हता. 1935 च्या सुमाराला तिनं आंद्रे जीदला सांगितलं की आता दुकान बंद करावं लागेल. जीद तिच्या अगदी सुरुवातीच्या वर्गणीदारांपैकी. तो म्हातारा माणूस उठला, चार लेखकांना गोळा केलं आणि ‘शेक्सपिअर अँड कंपनीचे मित्र’ असं मंडळ काढलं. वर्षाला दोनशे फ्रँक वर्गणी, दोन वर्षांसाठी. बदल्यात काय? लेखक दुकानात येऊन आपलं लिखाण वाचून दाखवतील, आणि ते ऐकायला फक्त या मित्रांनाच प्रवेश. सभासद दोनशेच. दुकानात त्याहून जास्त माणसं मावतच नव्हती.

1936 मध्ये पहिलं वाचन जीदनंच केलं. मग व्हालेरी आला, आंद्रे मोर्वा आला. जूनमध्ये टी. एस. एलियट खास लंडनहून आला आणि त्यानं कविता वाचल्या. हेमिंग्वे लोकांपुढे वाचायचा नाही, तो त्याचा नियमच होता. पण मे 1937 मध्ये स्टीव्हन स्पेंडर सोबत वाचणार असेल तर वाचतो, असं त्यानं कबूल केलं. दोघंही स्पेनचं यादवी युद्ध पाहून आलेले. पूर्वी अनामत न भरता पुस्तकं घेऊन गेलेला पोरगा आता जगप्रसिद्ध लेखक होऊन त्याच फळ्यांसमोर बसला आणि त्यानं वाचून दाखवलं. त्या उधारीची याहून चांगली परतफेड मला सुचत नाही.

कार्यक्रम लावला की विक्री वाढते का, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्या संध्याकाळी फारशी वाढत नाही, हेच खरं. लोक ऐकतात, चहा घेतात, दोन-चार प्रती जातात. जीदच्या दोनशे मित्रांनीही एखाद्या संध्याकाळचं तिकीट काढलं नव्हतं, दोन वर्षं दुकानाचं भाडं उचललं होतं. आणि ते उचलावंसं त्यांना का वाटलं? पंधरा वर्षं ते त्या दुकानात पुस्तकं चाळत, स्टोव्हपाशी बसत, एकमेकांना भेटत आले होते. आधी नातं जमलं होतं, मागणी नंतर आली. आमच्याकडच्या काही दुकानांनी कार्यक्रमाचा पहिला महिना तोट्यात गेला म्हणून खुर्च्या उचलून ठेवल्या, त्याचं म्हणूनच मला फार वाईट वाटतं.

समोर आद्रिएनच्या दुकानातही चळवळ चालूच होती. 1939 मध्ये जीझेल फ्रॉइंड या छायाचित्रकार बाईनं लेखकांच्या रंगीत फोटोंच्या स्लाइड तिथं पडद्यावर दाखवल्या. ज्यांचे फोटो ते लेखकच समोर बसलेले. त्याच वर्षी युद्ध पेटलं.

जर्मन पॅरिसमध्ये आले तरी सिल्व्हिया गाव सोडून गेली नाही. 1941 च्या डिसेंबरात एक जर्मन अधिकारी दुकानात आला आणि काचेतली जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’ची प्रत मागू लागला. ती शेवटची आहे, विकायची नाही, असं तिनं सांगितलं. तो चिडून गेला, आणि पुन्हा आला तो सगळा माल जप्त करण्याची धमकी घेऊन. मग सिल्व्हियानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक मारली. इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या घरात हजारो पुस्तकं, चित्रं, दिवे, सगळं टोपल्या भरभरून चढवलं. काही तासांत फळ्याही सुतारानं उतरवल्या आणि रंगाऱ्यानं दारावरचं नाव पुसून टाकलं. पुढं तिला पकडून जवळजवळ सहा महिने छावणीत ठेवलं, पण पुस्तकं सापडली नाहीत. दुकान मात्र तिनं परत उघडलं नाही.

1951 मध्ये जॉर्ज व्हिटमन नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन माणसानं नोत्र दामच्या समोर, नदीकाठी दुकान काढलं. नाव ‘ल मिस्त्राल’. 1964 मध्ये, शेक्सपिअरच्या चारशेव्या जयंतीच्या वर्षी, त्यानं सिल्व्हियाच्या दुकानाचं नाव आपल्या दुकानाला दिलं, आणि पुढं मुलीचं नावही सिल्व्हियाच ठेवलं. रविवारी चहा, आठवड्याला वाचन, आणि कपाटांच्या मधल्या बाकांवर होतकरू लेखकांना फुकट झोपायला जागा. अट एवढीच: रोज एक पुस्तक वाचायचं, दुकानात तास-दोन तास हातभार लावायचा, आणि जाताना आपली पानभर जीवनकहाणी लिहून ठेवायची. असे हजारो जण तिथं राहून गेले. ॲलन गिन्सबर्ग आणि त्याचे मित्र हाकेच्या अंतरावरच्या एका स्वस्त हॉटेलात राहत आणि इथं येऊन कविता वाचत. हाच गिन्सबर्ग 1962 मध्ये मुंबईत आला, तेव्हा नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या गच्चीवर त्याचं वाचन झालं. दुकान असो की गच्ची, चार माणसं जवळजवळ बसली की कविता कुठंही रुजते.

2020 च्या ऑक्टोबरात व्हिटमनच्या या दुकानावर पुन्हा तीच वेळ आली. मार्चपासून विक्री ऐंशी टक्क्यांनी घटली होती. व्हिटमनच्या मुलीनं वाचकांना पत्र लिहिलं, जमलं तर पुस्तकं मागवा म्हणून. एरवी आठवड्याला शंभरेक मागण्या येत, त्या आठवड्यात पाच हजार आल्या. ‘मित्रमंडळ’ही चौऱ्याऐंशी वर्षांनी नव्यानं उभं राहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत फोर्टमधल्या ‘किताबखाना’ला आग लागली आणि मार्च 2021 मध्ये ते दुकान पुन्हा उघडलं. मी मुद्दाम जाऊन आले. लाकडाला नवा वास होता.

आमच्याकडं आग नव्हती, पाणी होतं. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नगर वाचनालयाची पुस्तकं गेली, पेठेतला माल गेला, आणि आमचं दुकान छताजवळच्या एका फळीपर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर शटर वर करायला चौघं लागले. आतला चिखल घोट्याच्या वर होता. भिजलेलं पुस्तक कसं होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साध्या कागदाचं पुस्तक फुगून दुप्पट होतं आणि कपाटात असं घट्ट रुतून बसतं की फळी फोडावी लागते. आर्टपेपरचं पुस्तक वाळलं की वीट होते, पानच सुटत नाही. अर्धवट ओलं असेल तर मात्र पानापानात रद्दी कागद घालून, पंख्याखाली उभं करून, वर टाल्कम पावडर भुरभुरून काही वाचतं.

हे करायला कोण आलं? दुसऱ्या शनिवारची माणसं आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आले, त्यांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. नर्सिंग कॉलेजातल्या दोन मुली आल्या. त्या कार्यक्रमात नेहमी शेवटच्या रांगेत बसायच्या, आणि तोवर त्यांनी एकही पुस्तक विकत घेतलेलं नव्हतं. शेजारच्या शिंपीकाकांनी आपलं दुकान धुवायचं बाजूला ठेवून आमचे गठ्ठे गच्चीवर नेले. एका पावसाळी शनिवारी कोकणातून येणाऱ्या कवीची एसटी दोन तास उशिरा पोचली होती, वीज गेली होती, आणि नऊच श्रोते उरले होते. तेव्हा चार्जिंगचा दिवा घेऊन याच काकांनी कवीच्या वहीवर उजेड धरला होता. तो कवीही आला, सोबत घरून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. मालकांनी त्याला ‘अहो, तुम्ही कशाला?’ म्हटलं. तो काही बोलला नाही, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला.

त्या सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी कार्यक्रम झाला. फळ्या लावलेल्या नव्हत्या, भिंतींना ओल होती, नाकाला कुबट वास येत होता. खुर्च्या पुरात गेल्या होत्या, म्हणून सतरंज्या अंथरल्या. वाचायला कवीला त्याच्याच संग्रहाची प्रत हवी होती, आणि दुकानात उरलेली एकुलती एक प्रत पूर्वी त्यानं दुकानासाठी सही करून दिलेली होती. सहीची शाई पसरून पानभर निळा डाग झाला होता. मधली काही पानं सुटतच नव्हती. तिथं आला की तो थांबायचा, डोळे मिटून पुढच्या ओळी पाठ म्हणायचा, आणि त्याला एखादी आठवली नाही तर मागून नर्सिंगची मुलगी ती सांगायची.