धावायची हौस, कोवळी हाडे

अलास्कातल्या नोम गावाजवळ १९१३ साली जन्मलेले टोगो नावाचे पिल्लू लहानखुरे होते, वर आजारी. स्लेज ओढण्याच्या कामी ते यायचे नाही असे वाटून मालक लिओनहार्ड सेप्पाला याने ते एका घरी पाळायला देऊन टाकले. टोगोने त्या घराच्या खिडकीच्या काचेतून बाहेर उडी घेतली आणि तो थेट सेप्पालाकडे पळून आला. त्यानंतर कुत्र्यांचा ताफा निघाला की हा मोकळाच मागे धावायचा, जुंपलेल्या कुत्र्यांना त्रास द्यायचा. शेवटी नाइलाजाने सेप्पालाने त्यालाही जुंपले. तेव्हा तो अवघा आठ महिन्यांचा होता. पहिल्याच दिवशी तो सुमारे १२० किलोमीटर धावला आणि दिवस संपेपर्यंत ताफ्याच्या अग्रभागी पोचला, अशी हकीकत सांगितली जाते.

सायबेरियन हस्की पाळणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. नवख्या मालकाने मात्र ती जपूनच ऐकावी, कारण त्याच टोगोची दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. १९२५च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध नेनाना स्टेशनापासून नोमपर्यंत सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फातून न्यायचे होते. २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी ते साडेपाच दिवसांत पोचवले. त्यातला सर्वांत लांब आणि अवघड टप्पा सेप्पालाच्या ताफ्याने पार केला, आणि अग्रभागी टोगो होता. त्या वेळी त्याचे वय १२ वर्षे होते. आठव्या महिन्यात धावणे हा एका विलक्षण कुत्र्याचा अपवाद. बाराव्या वर्षीही धावता येईल असे शरीर राखणे, हे मात्र प्रत्येक मालकाच्या हातात असते.

आज हस्की, मॅलम्यूट अशा स्लेज ओढणाऱ्या जातींची बहुतेक कुत्री बर्फापासून दूर राहतात. स्कॉटलंडमधल्या एव्हिमोरजवळच्या जंगलात दर जानेवारीत हस्कींच्या शर्यती भरतात, पण तिथेही पुरेसा बर्फ पडेलच याचा भरवसा नसतो. मग स्लेजऐवजी चाकांच्या गाड्या जुंपतात. ज्याच्याकडे एकच कुत्रा आहे त्याला सायकल सोयीची. कुत्रा पुढे ओढतो, माणूस मागे पेडल मारतो. या प्रकाराला बाइकजोरिंग म्हणतात. यातला ‘जोर’ मराठी नव्हे. नॉर्वेत हाकण्याला जो शब्द आहे, त्यातून हे नाव घडले.

सायकलचा दुसरा उपयोग साधा आहे: कुत्र्याला शेजारून दुडक्या चालीने पळवणे. जर्मनीत याला जुनी परंपरा आहे. तिथल्या वाहतूक नियमांनुसार सायकलवरून एकच प्राणी सोबत नेता येतो, तो म्हणजे कुत्रा. जर्मन शेफर्डच्या पैदाशीसाठी जी दमाची परीक्षा घेतात, तिच्यात कुत्र्याला सायकलशेजारी ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने २० किलोमीटर धावावे लागते. मध्ये सक्तीची विश्रांती असते. आणि १६ महिने पुरे झाल्याखेरीज कुत्र्याला परीक्षेला बसताच येत नाही.

वयाची ही अट कशासाठी? वाढत्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाड तिथूनच वाढते. वाढ पुरी झाली की त्या पट्ट्यांचेही हाड बनते. हस्कीसारख्या मध्यम आकाराच्या कुत्र्यात हे साधारण वर्षाच्या आसपास घडते, मॅलम्यूटसारख्या थोराड जातीत दीड वर्ष किंवा अधिकही लागते. तोवर त्या पट्ट्या सांध्यातला सर्वांत नाजूक भाग असतात. अंगणात बागडणारे पिल्लू दमले की बसते, वास घेत रेंगाळते, दिशा बदलते, त्यामुळे एकाच जागी सारखा ताण पडत नाही. सायकलशेजारी डांबरी रस्त्यावर तेच पाऊल त्याच तालात हजारो वेळा आपटते. सायकलस्वाराला तर चालणाऱ्या माणसासारखी दमछाकही जाणवत नाही, म्हणून किती अंतर झाले हे त्याच्या ध्यानात राहत नाही. युरोपातल्या बाइकजोरिंगच्या शर्यतींत सहसा १८ महिन्यांखालचा कुत्रा उतरू देत नाहीत. घरच्या व्यायामालाही हीच मर्यादा पाळणे शहाणपणाचे, आणि त्याआधी पशुवैद्याकडून हृदय व सांधे तपासून घ्यावेत. मॅलम्यूटच्या खुब्याचा एक्स-रे काढलेला बरा.

इतर जातींचा कुत्रा दमला की बहुधा मागे पडतो, मालकाला कळते. ओढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेला कुत्रा दोरी ताठ झाली की आणखी जोर लावतो. ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी हस्की कुत्रे अशाच कामासाठी घडवले: हलके ओझे, लांब पल्ला, थोडे खाणे. म्हणून कोवळ्या हस्कीला धावायला शिकवावे लागतच नाही. त्याला थांबायला शिकवावे लागते.

हे शिक्षण सायकलविना, पायीच होते आणि पिल्लूपणीच सुरू करता येते. बैलगाडीला कासरा असतो. स्लेजला तोही नसतो. ताफा वळतो तो केवळ आवाजावर. इंग्रजी बोलणारे चालक उजवीकडे वळायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, निघायला ‘हाइक’ आणि थांबायला ‘व्हो’ म्हणतात. वाटेत दुसरा कुत्रा किंवा खार दिसली तर लक्ष न देता पुढे चालण्यासाठी ‘ऑन बाय’. रोजच्या फेरीत प्रत्येक वळणावर तो शब्द उच्चारायचा, कुत्रा वळला की शाबासकी. पुण्यातले असो की टोरांटोतले, मराठी घरात ‘जी’ हा आवाज दिवसभर कानी पडू शकतो, आणि ‘उजवा’, ‘डावा’ यांचा शेवट कानाला एकच लागतो. शब्द कुठल्याही भाषेतले चालतील, पण धावत्या कुत्र्याला वाऱ्यातून वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत.

सायकलची ओळख सावकाश करून द्यावी. आधी ती नुसती उभी असू द्यावी, कुत्र्याने हुंगावी. मग ती हाताने ढकलत त्याच्यासोबत चालावे. चाकाचा आवाज आणि ब्रेकचा करकराट सवयीचा झाल्यावरच सीटवर बसावे. वर्षाचा झालेला कुत्रा कमरपट्ट्याला दोरी बांधून, माणूस पायी धावत असताना थोडे ओढू शकतो. इथेच तो पुढे राहायला, दोरी ताठ ठेवायला आणि न वळता थांबायला शिकतो. सायकलवर हे शिकवू गेले तर पहिली चूकच अपघात ठरते.

साहित्यात काटकसर करू नये. गळपट्ट्याला दोरी बांधून कुत्र्याला ओढू देणे म्हणजे त्याच्या श्वासनलिकेवर सगळा भार टाकणे. ओढण्याचा खास हार्नेस ताण छातीवर आणि पाठीवर पसरवतो, खांद्यांची हालचाल मोकळी ठेवतो. तो कुत्र्याच्या मापाचा हवा. ढिला हार्नेस काखेत घासून जखम करतो. दोरीत रबरी ताणाचा भाग असावा, म्हणजे सुरुवातीचा हिसका कुत्र्याच्या पाठीला आणि सायकलस्वाराच्या हातांना बसत नाही. पुढच्या चाकावर एक दांडी बसवतात; ती दोरी वर उचलून धरते, म्हणजे दोरी सैल पडली तरी आऱ्यांत अडकत नाही. दोरी सायकलच्या सांगाड्याला, हँडलच्या खालच्या नळीशी बांधायची. हँडलच्या टोकाला किंवा मनगटाला ती कधीच बांधू नये: हस्कीच्या नराचे वजन २० ते २७ किलो असते, त्याने मांजर पाहून एकदा आडवी झेप घेतली की चाक वळते आणि स्वार खाली येतो. शेजारून पळवायचे असेल तर सीटच्या नळीला बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो. ओढ सायकलच्या खालच्या भागावर येते, हँडल दोन्ही हातांत राहते. चांगले ब्रेक आणि जाड टायर असलेली सायकल, हेल्मेट, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पुढच्या कुत्र्याच्या पायांनी उडालेले खडे थेट तोंडावर येतात.

पहिली फेरी अर्धा किलोमीटर पुरे. मऊ मातीची, रहदारी नसलेली वाट निवडावी. त्याआधी दहा-पंधरा मिनिटे चालवावे, म्हणजे स्नायू गरम होतात आणि शौचही उरकते; ताज्या दमाचा कुत्रा धावता धावता अचानक शौचाला बसतो, आणि मागून येणारी सायकल वेगात असेल तर तोच जायबंदी होतो. चढावर माणसाने पेडल मारून ओझे वाटून घ्यावे. उतारावर ब्रेक धरून दोरी ताठ राखावी, नाहीतर सायकलच कुत्र्याच्या अंगावर जाते. आठवड्यात दोन-तीन वेळा, मध्ये विश्रांतीचे दिवस, आणि अंतर हळूहळू वाढवत न्यावे. कुत्र्याला आणखी धावायचे असतानाच फेरी थांबवावी. दुसऱ्या दिवशी हार्नेस दिसताच तो आनंदाने पुढे आला, तर आदले माप बरोबर होते असे समजावे. जेवण आणि धावणे यांत काही तासांचे अंतर हवे. भरल्या पोटी धावणाऱ्या खोल छातीच्या कुत्र्याला पोटफुगीचा आणि पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. धावण्याच्या तास-दोन तास आधी थोडेसे मटणाचे पाणी मिसळलेले पाणी दिले तर कुत्रा आवडीने पितो. स्लेजचालकांची ही जुनी युक्ती आहे.

सर्वांत मोठा शत्रू ऊन, आणि त्याच्या जोडीला दमट हवा. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांतून. शरीर थंड होते ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होऊन. हवेतच बाष्प भरले असेल तर ही वाफ होत नाही. त्यात हस्कीला दुहेरी केसांचा कोट. युरोपातले अनेक चालक तापमान १५ अंशांच्या वर गेले की कुत्री जुंपतच नाहीत. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी पसरली, चाल अडखळू लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, उलटी झाली, तर तिथेच थांबायचे. सावलीत घेऊन अंगभर गार पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि लगोलग पशुवैद्य गाठायचा. दवाखाना लांब असला तरी थंड करणे आधी.

महाराष्ट्रात १५ अंशांचा हा आकडाच सगळे ठरवतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हस्कीला सायकलला जुंपण्याजोगी पहाट सापडणे कठीण, आणि तसे प्रामाणिकपणे मान्य करणे हीच त्या कुत्र्यावरची माया. नाशिक, पुणे, साताऱ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो, निफाडला त्याहूनही खाली. तेवढे काही आठवडे, सूर्य वर यायच्या आत, मातीच्या वाटेवर एखाद्या किलोमीटरची फेरी जमू शकते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे टोळके मात्र आधीच पाहून ठेवावे लागते. दोरीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि भांडणात सायकलस्वार मध्ये सापडतो; म्हणून त्या वाटेवर आधी काही दिवस नुसते पायी जाऊन यावे. मार्च ते ऑक्टोबर सायकल बाजूला. त्या काळात पहाटेची पायी फेरी, घरभर लपवलेला खाऊ हुंगून शोधण्याचे खेळ आणि उजव्या-डाव्या वळणांचा सराव, एवढ्यावर तरुण कुत्र्याचे डोके चांगले दमते. केस कापून टाकले तर त्याला गार वाटेल ही समजूत चुकीची आहे. तो कोट उन्हापासूनही त्वचा राखतो, फक्त सुटे झालेले आतले केस विंचरून काढावे लागतात.

फेरीनंतर पुन्हा दहा मिनिटे चालणे, मग थोडे थोडे पाणी. एकेक पंजा हातात घेऊन बोटांमधली जागा पाहावी: काटा, भेग, सोललेली गादी. अलास्कातल्या इडिटारॉड या सुमारे १,६०० किलोमीटरच्या शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे सोबत बाळगावेच लागतात, आणि चालक मुक्कामाला पोचल्यावर स्वतः जेवायच्या आधी गुडघे टेकून प्रत्येक कुत्र्याचे चारही पाय तपासतो.