पाणी, मीठ आणि परिचारिका

भोपाळात उन्हाळा सरून पाऊस सुरू झाला की घरोघर जुलाब-उलट्यांचे दुखणे येते. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या समाजातील मुलींसाठी म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते, नवजात बालकाच्या सुमारे ७५ टक्के. त्यात क्षार विरघळलेले असतात. पेशींबाहेर मुख्यतः सोडियम, आत पोटॅशियम. जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात. ते नुसत्या पाण्याने भरून येत नाहीत. मात्र मीठ व ग्लुकोज एकत्र मिळाले की आतडे दोहोंबरोबर पाणीही शोषून घेते.

याची कसोटी १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ आली तेव्हा लागली. सलाईन अपुरे पडताच डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पाजविले. पाजणारे बहुधा रोग्यांचे आप्तच. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

आज तयार पुडी मिळते. तीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती सबंध कालवावी. पाणी कमी पडल्यास क्षार वाढून बाळाला अपाय होतो. टाळू खोल गेली, लघवी थांबली, ग्लानी आली, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. पोटात गेलेले व बाहेर पडलेले पाणी मोजून तक्त्यावर लिहावे. डॉक्टर येऊन जातात. खाटेपाशी परिचारिकाच असते. धोक्याची पहिली खूण तिलाच दिसावयाची असते.